निघाल्या दगडाशी परत

नेरळच्या अलीकडे, शेलूच्या लहानशा स्थानकाभोवती, जमिनीचा भाव आजही गुंठ्यांत बोलला जातो. आणि गुंठा म्हणजे मुंबई इलाख्याच्या मोजणीखात्याने शिवारोशिवार ओढलेल्या 33 फुटी साखळीचा चौरस. ओढून ओढून साखळीच्या कड्या झिजत, लांबी वाढे, आणि ती केसभर वाढ प्रत्येक ओढीगणिक साचत जाई. म्हणून जाणता मोजणीदार हद्दीभोवती फिरून निघाल्या दगडाशी येई आणि कागदावरची रेघही तिथेच मिळते की नाही, याचा पडताळा घेई.

विनाचालक मोटारीची साखळी म्हणजे तिची चाके. बोगद्यात वा दाट झाडीत उपग्रहांचे संकेत तुटले, की डावे चाक किती चालले आणि उजवे किती, या जमाखर्चाच्या आधारेही ती आपले ठिकाण ठरवते. आता 60 सेंटिमीटर व्यासाच्या दोन चाकांपैकी एक, हवा किंचित कमी असल्यामुळे, अवघ्या 0.6 मिलिमीटरने लहान आहे आणि दोहोंत दीड मीटर अंतर आहे असे धरा: 100 मीटरांत हिशेबातला रोख जवळजवळ 4 अंशांनी चुकतो, ठिकाण सव्वातीन मीटर बाजूला पडते, आणि 200 मीटरांवर ही तफावत दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे 13 मीटर होते. शेलूच्या अरुंद रस्त्यावरून सव्वातीन मीटर बाजूला म्हणजे थेट भाताच्या खाचरात!

ही तफावत मोजण्यासाठी मिशिगन विद्यापीठातील बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी 1990 च्या दशकात जी रीत घालून दिली, ती मला फार मोलाची वाटते. 4 मीटर बाजूच्या चौरसाभोवती यंत्राला पाच प्रदक्षिणा घालायला लावायच्या, आणि मग पाच फेरे उलट. उलट कशासाठी? चाकांच्या व्यासातली चूक आणि त्यांच्यामधील अंतराची चूक, या दोन्ही एका दिशेने जाताना परस्परांना झाकू शकतात, यंत्र बिनचूक जागी परतते आणि परीक्षक फसतो. दिशा पालटली, की त्याच दोन चुका एकमेकींत मिळून उघड्या पडतात.

चिखलात चाक जागीच फिरले, तर मात्र ही रीत पुरत नाही, कारण ती चूक कोणत्याही दोन फेऱ्यांत सारखी नसते. तिथे बाहेरचीच खूण हवी. आपल्या रेल्वेच्या ‘कवच’ प्रणालीत रुळांमध्ये ठरावीक अंतरावर बसवलेल्या पट्ट्या हेच काम करतात: इंजिन वरून जाताच पट्टी आपले ठिकाण सांगते, आणि चाकांचा मागचा सारा हिशेब तिथे नव्याने लावला जातो.