सौंदर्योपचारापूर्वींची रुग्णपरीक्षा



मार्च २०१९ मध्यें साकीनाक्याच्या एका ४३ वर्षांच्या व्यापाऱ्याची वार्ता मुंबईच्या वृत्तपत्रांत आली होती. टक्कल झांकावें म्हणून त्यानें केशरोपण करून घेतलें. काम पुष्कळ तास चाललें व एकाच बैठकींत हजारों केशमुळें बसविलीं गेलीं. त्यानंतर त्याचा चेहरा व गळा सुजला, श्वास अडूं लागला, आणि पवईच्या एका रुग्णालयांत त्याचा अंत झाला. तीव्र ॲलर्जी झाली असावी, असा तेथील डॉक्टरांचा संशय होता. दोष कोणाचा, हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु केसांपायीं मनुष्य प्राणांस मुकतो, तेव्हां एक प्रश्न प्रत्येक घरानें विचारावयास हवा: सुई टोंचण्यापूर्वीं काय पाहिलें गेलें पाहिजे ?

केशरोपण, लेसर, बोटॉक्स, ओठ भरणारे फिलर, हे उपचार होतात ती जागा बहुधा शृंगारगृहासारखी सजविलेली असते. तेथें जाणारा स्वतःस गिऱ्हाईक समजतो. पण औषध अंगांत शिरतांच तो रुग्ण होतो. म्हणून त्याची परीक्षा रुग्णाप्रमाणेंच झाली पाहिजे.

प्रथम पूर्ववृत्त. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे काय ? रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार ? ॲस्पिरिनसारखें रक्त न गोठूं देणारें औषध चालू असल्यास रक्तस्राव वाढतो. स्त्री गर्भवती असल्यास, किंवा स्नायु दुर्बळ करणारा मायस्थेनिया हा विकार असल्यास, बोटॉक्स टाळावें लागतें. जुन्या जखमेचा वण फुगत असेल, तर नवा वणही तसाच फुगण्याचें भय असतें.

मग वजन. बधिरता आणणाऱ्या लिग्नोकेनची मर्यादा दर किलो वजनास सुमारें ४.५ मिलिग्रॅम, व ॲड्रेनलिनसह दिल्यास सुमारें ७ मिलिग्रॅम मानतात. बैठक लांबली कीं मात्रा साठत जाते. म्हणून तिचा हिशेब आधींच मांडावा लागतो. त्वचेचा वर्णही पाहावा. आपली सांवळी कातडी लेसरचें तेज अधिक शोषते. चुकल्यास भाजतें किंवा काळे डाग पडतात. यासाठीं लहानशा जागीं प्रयोग करून पाहणें इष्ट.

शेवटीं मनाची परीक्षा. इतरांस दिसतही नाहीं अशा व्यंगानें कोणी रात्रंदिवस झुरत असेल, तर त्यास सुईहून मानसोपचाराची गरज अधिक. त्या वेळीं 'नको' म्हणणें हेंही वैद्याचें कर्तव्यच होय.

२०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें केशरोपणासंबंधीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कार्यशाळेंत बसून किंवा यूट्यूबवर पाहून हें काम करण्याची पात्रता येत नाहीं, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां उपचार करणारा नोंदणीकृत व त्या कामांत शिकलेला डॉक्टर आहे काय, श्वास अडल्यास ॲड्रेनलिन व प्राणवायु हाताशीं आहेत काय, हें विचारण्यांत संकोच कसला ?

हे उपचार तांतडीचे नसतात. चार दिवस थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. शिंपीसुद्धां कापडास कात्री लावण्यापूर्वीं माप घेतो. जो माप न घेतां कात्री उचलतो, त्याच्या दुकानाची पायरी आपण चढतों काय ?