ग्रंथपालांची सहल… ग्रंथालयात!

सहल म्हटली की देवळं, धबधबे आणि डब्यातली पुरी-भाजी आठवते. पण आठवडाभर पुस्तकांतच वावरणारे ग्रंथपाल सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या वस्तीतलं शाखा ग्रंथालय बघायला निघाले तर? घरचे नक्कीच हसतील. मात्र भारतातल्या ग्रंथालय चळवळीला मोठं वळण मिळालं, ते अशाच भेटींतून.

सन १९२४. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वर्गाची सवय असलेल्या या प्राध्यापकाला ग्रंथालयातला शुकशुकाट असह्य झाला. पुन्हा शिकवायला जाऊ द्या, अशी त्यांनी गळ घातली. तेव्हा तोडगा निघाला: आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, तरीही मन रमलं नाही, तर गणिताची जागा तुमचीच.

क्रॉयडनचा धडा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. लंडनला लागून असलेल्या क्रॉयडनचे ते मुख्य ग्रंथपाल. रंगनाथन यांनी क्रॉयडनच्या ग्रंथालयातलं काम जवळून पाहिलं आणि इंग्लंडमधली इतर अनेक ग्रंथालयंही पालथी घातली. मुलं, स्त्रिया, कामगार असे सगळ्या थरांतले लोक तिथे हक्कानं येत. पण प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. मग या कामाची समान तत्त्वं कोणती, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

१९२५ मध्ये ते परतले, ते ग्रंथपाल म्हणूनच. त्यांनी वाचकांसाठी कपाटं खुली केली. ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे प्रसिद्ध पाच नियम १९३१ मध्ये पुस्तकरूपानं आले. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीहून बैलगाडीतलं फिरतं ग्रंथालय खेडोपाडी निघालं. १९४८ मध्ये मद्रास प्रांतात ग्रंथालय कायदा झाला आणि ग्रंथालयांसाठी कराची तरतूदही झाली.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही. 'अ', 'ब', 'क', 'ड' वर्गांनुसार मिळणारं अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर गावोगावची वाचनालयं तग धरून आहेत. अनेक ठिकाणी सगळा भार एक-दोन माणसांवर आणि पगार तुटपुंजा. अशा माणसाला दुसऱ्याचं काम बघायला मिळणार कधी?

म्हणूनच शेजारच्या वाचनालयाची भेट मोलाची. चार-पाच ग्रंथपालांनी मिळून जावं. मुलांची पुस्तकं मुलांच्या हाताला येतात का? वाचक कपाटापर्यंत जातो, की टेबलापलीकडून क्रमांक सांगतो? नोकरी करणाऱ्या बाईला घरी परतताना पुस्तक बदलता येईल, अशी वेळ आहे का? फाटलेली पुस्तकं कोण शिवतं? या प्रश्नांना खर्च लागत नाही. चहा घेता घेता तिथल्या ग्रंथपालाशी मोकळेपणानं बोललं, तर अहवालात न सापडणाऱ्या युक्त्या कळतात.

वाचकांनाही यात वाटा उचलता येईल. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या वाचनालयात नुसता हार-तुरा न देता, जवळच्या सुट्टीच्या दिवशी ग्रंथपालांच्या अशा सहलीचा प्रवासखर्च सभासदांनी वर्गणी काढून द्यावा. सहलीहून ते जे घेऊन येतील, त्याचा उपयोग अखेर आपल्याच मुलांना होणार आहे.