विक्री व उत्पादन नियोजनाची परिपक्वता : आदिलाबादच्या जिनिंग उद्योगाच्या संदर्भात

तेलंगणातील आदिलाबाद हा प्रामुख्याने कापूस पिकविणारा जिल्हा आहे. हंगामात शेतकऱ्यांच्या गाड्या बाजार समितीच्या आवारात येऊ लागल्या की जिनिंग कारखाने सुरू होतात. तेथे सरकी व रुई वेगळी केली जाते आणि रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात ‘सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंग’ हा विषय बहुधा मोटारी व साबणाच्या कंपन्यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो. हाच विषय विद्यार्थ्यांच्या गावाशेजारच्या जिनिंग कारखान्याच्या आधारे अधिक स्पष्ट होऊ शकतो.

या पद्धतीची मांडणी अमेरिकन सल्लागार रिचर्ड लिंग यांनी १९८० च्या दशकात केली. वॉल्टर गोडार्ड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे तत्त्व साधे आहे. विक्री, खरेदी, उत्पादन व वित्त या विभागांनी दरमहा एकत्र बसून पुढील काही महिन्यांसाठी एकच आकडा ठरवावा आणि सर्वांनी त्यावरच काम करावे. उर्दूत नियोजनाला ‘मन्सूबाबंदी’ म्हणतात. मराठीत आलेला ‘मनसुबा’ मात्र नुसता बेतच राहिला. पुष्कळ कंपन्यांच्या योजनाही या मराठी अर्थानेच मनसुबे असतात.

ही पद्धत एखाद्या संस्थेत कितपत मुरली आहे, हे पाहण्यासाठी ‘परिपक्वता’ ही कल्पना वापरली जाते. ग्रिमसन व पाइक या संशोधकांनी २००७ मध्ये पाच पायऱ्यांची चौकट मांडली. पहिल्या पायरीवर प्रत्येक विभाग आपापल्या वाटेने जातो. दुसऱ्या पायरीवर विभाग घडलेल्या गोष्टीला तोंड देण्यापुरते जागे होतात. तिसऱ्या पायरीवर ठरलेल्या बैठका होतात आणि विक्रीच्या योजनेनुसार उत्पादन चालते. चौथ्या पायरीवर दोन्ही योजना एकमेकींना बदलतात. पुरवठादार व ग्राहक यांची माहितीही त्यांत धरली जाते. पाचवी पायरी पुष्कळशी आदर्शवत आहे. ती गाठलेली संस्था महिनाअखेरची वाट न पाहता घटना घडताच निर्णय घेते. पायरी ठरविताना बैठका, संघटना, मोजमाप, माहिती तंत्रज्ञान आणि योजनांचे एकीकरण असे पाच निकष लावले जातात.

जिनिंगच्या धंद्यात मात्र एक अडचण आहे. साबणाच्या कारखान्यात मागणी पाहून कच्चा माल मागविता येतो. कापूस मागवून येत नाही. तो वेचला की येतो. शिवाय एका कच्च्या मालातून दोन पदार्थ निघतात. समजा, एक कारखाना रोज १,००० क्विंटल कापूस घेतो. रुईचा उतारा ३४ टक्के पडला तर ३४० क्विंटल रुई, म्हणजे बरोबर २०० गाठी तयार होतात. उतारा ३३ टक्क्यांवर आला की गाठी १९४ होतात. पंचवीस दिवसांत सुमारे १५० गाठींचा फरक पडतो आणि सूतगिरणीला दिलेला शब्द मोडतो. याच काळात रोज सुमारे ६४० क्विंटल सरकी निघतच असते. तेल गिरणीशी तिचा सौदा आधी झाला नसेल तर ती जागा अडविते, पैसा अडकविते आणि शेवटी आवक बंद करावी लागते.

येथे प्रश्न केवळ कारखान्याच्या नफ्याचा राहत नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने घेतलेला कापूस खासगी जिनिंगमध्येच पिंजून घेते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. हा भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण मिळतो; त्यापुढे प्रत्येक टक्क्याला तेवढीच कपात होते आणि १२ टक्क्यांवरचा माल घेतलाच जात नाही. १२ टक्क्यांवर क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये जातात. कारखान्याचे आवार भरले म्हणून गाडी रात्रभर फाटकाबाहेर उभी राहिली आणि त्यात पाऊस झाला, तर ही कपात ज्याचा नियोजनाशी काहीच संबंध नव्हता त्या शेतकऱ्याच्या पदरी येते.

मूल्यमापनासाठी लांबलचक प्रश्नावलीपेक्षा एक छोटी चाचणी अधिक उपयोगी ठरते. व्यवस्थापक, खरेदीदार, यंत्रविभागाचा प्रमुख व हिशेबनीस यांना वेगवेगळे गाठून विचारावे : पुढील महिन्यात किती गाठी निघतील? चार उत्तरे आली तर बैठका कितीही होत असोत, संस्था पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या पुढे गेलेली नाही. एकच उत्तर आले तर पुढचा प्रश्न असा की, मागील महिन्याचा अंदाज किती चुकला आणि त्यामुळे काय बदलले? बहुतेक ठिकाणी खरी अडचण या दुसऱ्या प्रश्नापाशी येते, कारण चुकलेला अंदाज कोणी लिहून ठेवत नाही.

म्हणूनच सुधारणेचा आरंभ संगणकप्रणालीच्या खरेदीने करणे चुकीचे आहे. रोजची आवक, ओलावा, उतारा, शिल्लक सरकी व पाठविलेल्या गाठी यांची एक वही, शेजारी अंदाजाचा रकाना आणि आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक एवढ्यावर तिसरी पायरी गाठता येते. महिन्याची बैठक येथे पुरत नाही, कारण हंगामच काही महिन्यांचा असतो. चौथ्या पायरीसाठी बाहेरची माहिती लागते. महामंडळाने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘कपास किसान’ अ‍ॅपवर शेतकरी विक्रीचा दिवस आधी नोंदवितो. शेतकऱ्यासाठी ती रांगेची सोय आहे. कारखान्यासाठी तो येत्या दिवसांच्या आवकेचा तयार अंदाज आहे.

अध्यापकांनी हा प्रकल्प विद्यार्थ्यांच्या लहान गटांना द्यावा. आवक सुरू होताना एक भेट, ती जोरात असताना दुसरी आणि ती ओसरल्यावर तिसरी ठेवावी. तिन्ही वेळा त्याच चार व्यक्तींना तोच प्रश्न विचारावा आणि उत्तरे तारखेसह नोंदवावीत. कारखान्याचे नाव अहवालात घालू नये, अन्यथा हिशेबनीस दुसऱ्या भेटीत वही दाखविणार नाही.