दिसते म्हणजे फुकट नव्हे

प्रोजेक्टसाठी काही विद्यार्थ्यांनी गिटहब या संकेतस्थळावरून प्रोग्राम उतरवून घेतले. "सगळ्यांना दिसतो, म्हणजे फुकटच ना?" असे ते आम्हांस म्हणाले. तसे नाही. परवाना दिलेला नसेल, तर हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. गिटहबच्या अटींप्रमाणे इतरांना तो तिथल्या तिथे पाहता येतो व त्याची प्रत तिथेच ठेवता येते, एवढेच. एमआयटी परवाना असेल तर वापरा, बदला, विकासुद्धा; पण मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ व परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. नेमकी तीच ओळ आमच्या मुलांनी पुसली होती! जीपीएलचा प्रोग्राम बदलून दुसऱ्यास दिल्यास सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. यापुढे परवान्याची फाईल नसलेला प्रोजेक्ट आम्ही तपासणार नाही. पालकांनी हेही पाहावे, की १३ वर्षांखालील मुलांना गिटहबवर खाते उघडण्याची परवानगी नाही.