गव्याने धडक दिली तर? जखम लहान दिसली तरी दवाखाना का गाठायचा

राधानगरी, दाजीपूर, आंबोली, चांदोली, दोडामार्ग या भागात राहणाऱ्यांना गवा नवीन नाही. उसाच्या फडात, काजूच्या बागेत, पाणवठ्यावर किंवा रात्रीच्या घाटरस्त्यावर तो दिसतो. बहुतेक वेळा तो आपल्या वाटेने निघून जातो. पण बिथरलेल्या गव्याने मुसंडी मारली तर होणारी इजा नेहमीच्या पडझडीपेक्षा फार वेगळी असते. हल्ला कसा टाळायचा आणि झालाच तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

गवा हल्ला का करतो?

गवा शाकाहारी आहे. तो माणसाची शिकार करत नाही, स्वतःचा किंवा वासराचा बचाव करतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ६०० ते १००० किलो असते आणि खांद्यापाशी त्याची उंची माणसाएवढी भरते. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. एवढे धूड असूनही तो थोड्या अंतरात माणसापेक्षा वेगाने धावतो.

या प्रसंगी जास्त सावध राहा:

• कळपापासून दूर, एकटा फिरणारा नर
• वासरू सोबत असलेली मादी
• जखमी किंवा लोकांनी हुसकावून लावलेला गवा
• सोबत कुत्रा असणे (कुत्रा भुंकतो आणि गवा मागे लागला की मालकाकडेच पळत येतो)
• पहाटे, संध्याकाळी किंवा रात्री, उंच पिकातून किंवा दाट झुडपातून अचानक समोरासमोर येणे

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूड भागात एक गवा शिरला होता. त्याच्यामागे मोठी गर्दी धावत राहिली. पळून दमलेला, जखमी झालेला तो प्राणी पकडल्यानंतर मरण पावला. गर्दी आणि आरडाओरडा गव्यासाठी जितका घातक, तितकाच तो त्या गर्दीतल्या माणसांसाठीही धोक्याचा. घेरलेला गवा वाट काढण्यासाठी समोर येईल त्याला उडवतो.

गवा दिसल्यास काय करावे?

निदान शंभर पावलांचे अंतर ठेवा. तो चरायचे थांबवून तुमच्याकडे पाहू लागला, तर तुम्ही फार जवळ आहात असे समजा. फुरफुरणे, मान खाली घालणे, पायाने माती उकरणे, आपली आडवी बाजू दाखवत उभे राहणे या इशाऱ्यांनंतर तिथे क्षणभरही थांबू नका. त्याच्याकडे लक्ष ठेवत हळूहळू मागे सरा. त्याची निघून जाण्याची वाट अडवू नका. फोटोसाठी जवळ जाणे, दगड मारणे, फटाके फोडणे टाळा.

तो अंगावर आलाच, तर मोकळ्या जागेत सरळ रेषेत पळून उपयोग नाही. जाड झाड, मोठा खडक, भिंत किंवा वाहन तुमच्या आणि त्याच्या मध्ये आणा. जमत असेल तर उंचावर चढा. खाली पडलात, तर पोटावर पालथे होऊन गुडघे जवळ घ्या, दोन्ही हातांनी मान आणि डोके झाका आणि तो दूर जाईपर्यंत हालचाल करू नका.

दुचाकीवर असाल तर लांबच थांबा. हॉर्न वाजवू नका. एक गवा रस्ता ओलांडून गेला म्हणजे वाट मोकळी झाली असे नाही. मागून कळप येत असतो.

जखम फसवी का असते?

गवा डोके खाली घालून ढुशी मारतो आणि शिंग वर उचलतो. त्यामुळे मांडी, जांघ, पोट आणि बरगड्या या भागांना जास्त धोका असतो. शिंग आत गेल्यावर प्राणी मान फिरवतो, त्यामुळे आतली वाट एकाच दिशेने जात नाही. कातडी लवचीक असते, ती परत मिटते. बाहेर दोन बोटांएवढे भोक दिसते, पण आत स्नायू, आतडे किंवा रक्तवाहिनी फाटलेली असू शकते. शिंगाबरोबर माती, शेण आणि कपड्याचे धागे खोलवर जातात आणि तिथे जंतू वाढतात.

शिंग लागलेच नाही, नुसती धडक बसली, तरी धोका टळत नाही. अशा मुक्या मारात प्लीहा किंवा यकृत फाटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तरुण, धडधाकट माणसाचे शरीर बराच वेळ हा तोटा भरून काढते. तो बोलतो, चालतो, चहा मागतो, आणि मग एकदम कोसळतो. काही वेळा त्रास काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही सुरू होतो. म्हणून “मला काही झाले नाही” या जखमीच्या शब्दावर विसंबून त्याला घरी ठेवू नका.

रुग्णालयात पोहोचेपर्यंतचे प्रथमोपचार

१. गवा दूर गेल्याची खात्री करा. मगच जखमीजवळ जा.

२. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. गावाचे नाव आणि रस्त्यावरची ठळक खूण सांगा.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने तळहाताचा जोर लावून दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा.

४. आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने हलके झाका.

५. छातीला भोक पडले असेल तर ते चारही बाजूंनी घट्ट बंद करू नका. हवा आत कोंडून श्वास अडखळतो.

६. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर उठवून बसवू नका. फळीवर आडवे ठेवूनच उचला.

७. अंगावर पांघरूण घाला. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून पाणी, चहा किंवा खायला काहीही देऊ नका.

जखमेत हळद, चुना, तंबाखू किंवा चहापूड भरू नका. त्याने जंतुसंसर्ग वाढतो आणि डॉक्टरांना जखम नीट तपासता येत नाही.

ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही थांबू नका

• चेहरा पांढरा पडणे, थंड घाम, नाडी जलद होणे
• पोट दुखणे, फुगणे किंवा कडक होणे
• डाव्या खांद्यात विनाकारण दुखणे
• श्वास घेताना टोचणे, धाप लागणे
• लघवीतून किंवा उलटीतून रक्त
• गुंगी, उलट्या, असंबद्ध बोलणे

जखमी व्यक्ती गरोदर असेल, वयस्कर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर किरकोळ वाटणाऱ्या धडकेनंतरही तपासणी करून घ्या. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.

रुग्णालयात काय होते?

सोनोग्राफीने पोटात रक्त साठले आहे का ते पाहतात. गरजेप्रमाणे एक्स-रे आणि सीटी स्कॅन करतात. शिंगाची जखम भूल देऊन पूर्ण उघडून धुवावी लागते. अशी जखम पुष्कळदा लगेच शिवत नाहीत, काही दिवस उघडी ठेवून ड्रेसिंग करतात. नातेवाइकांना हा निष्काळजीपणा वाटतो. पण घाण आत ठेवून टाके घातले तर आत पू साठतो. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके देतात. प्राण्याची लाळ जखमेला लागली असेल तर तसे सांगा. रेबीजची लस हवी का, ते डॉक्टर ठरवतील.

घरी गेल्यावर ताप, जखमेतून दुर्गंधी, वाढती सूज किंवा पोटदुखी जाणवली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शेतात जायची भीती, दचकून उठणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे हेही स्वाभाविक आहे. महिन्याभरानंतरही ते कमी झाले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

वनविभागाला कळवा

राज्याच्या वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. गव्याच्या हल्ल्यातील जखमींना आणि मृतांच्या वारसांना शासनाची आर्थिक मदत मिळते. त्यासाठी घटना लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि रुग्णालयाचे सर्व कागद जपून ठेवा. पण आधी उपचार, मग कागद. पंचनाम्यासाठी जखमीला जागेवर थांबवून ठेवू नका.