गालाच्या अस्तराचा मागोवा

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला डेंटल अ‍ॅनाटॉमी, एम्ब्रियॉलॉजी आणि ओरल हिस्टॉलॉजी हा विषय असतो. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची, सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड ओळखायची, गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी जर्नल भरायचे. बरीच मुले हा विषय पाठ करून काढतात आणि पेशंट समोर येईपर्यंत विसरूनही जातात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात शिकणाऱ्यांनी तरी तसे करू नये. तोंडातल्या ऊतींचे जे बिघाड आज पुस्तकांत छापलेले आहेत, त्यांचा बराच अभ्यास महाराष्ट्रात झाला आणि त्यातला काही थेट पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत.

सुरुवात मुंबईची. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हा रोग इकडे इतका का होतो, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक ताठरपणा नोंदवला. पुढच्याच वर्षी डॉ. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांत तोच वर्णन केला. त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव मिळाले. १९६६ मध्ये कोपनहेगनचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्याची जी व्याख्या केली, ती आजही परीक्षेत विचारली जाते. उत्तर लिहिणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते, की त्यातली एक संशोधक परळमध्ये काम करत होती?

मग पाळी आली पुणे जिल्ह्याची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेडोपाडी गेले, घरोघरी माणसांची तोंडे तपासली. १९७२ मध्ये छापलेल्या त्या अहवालात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची नोंद आहे. एवढी माणसे दारात, ओसरीवर, उजेडाकडे तोंड करून बसली, म्हणून आपल्याला काही कळले. त्या काळी बायकांत मिश्रीची सवय घरोघर होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. दात साफ करण्याचे निमित्त, पण पूड हिरडीला आणि गालाला लागून राहायची.

त्या पुडीने आत काय होते, हे स्लाइडवरच समजते. हिरडी आणि टाळूचे अस्तर मुळातच केराटिनने टणक झालेले असते, कारण घास चावताना घर्षण तिथे होते. गालाच्या आतल्या अस्तराला ते कवच नसते. ते मऊ आणि ताणले जाणारे. तिथे रोज तंबाखू ठेवली की पेशी बचावासाठी केराटिन तयार करू लागतात आणि पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसतो, तो ल्युकोप्लेकिया. पहिल्या वर्षी नुसते पाठ केलेले ‘केराटिनाइज्ड’ आणि ‘नॉन-केराटिनाइज्ड’ इथे निदान होऊन समोर येते.

सुपारीचे काम याहून खोल चालते. अस्तराखालच्या थरात फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे तयार करतात आणि जुने मोडतातही. सुपारीतले अरेकोलिन तयार करण्याचा वेग वाढवते, मोडण्याचा कमी करते. सुपारीतल्या तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे विकर जोमाने काम करते आणि धागे एकमेकांत घट्ट गुंफले जातात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अस्तर पातळ आणि फिकट पडते, तिखट लागले की आग होते. शेवटी तोंड उघडेनासे होते. हाच तो सबम्युकस फायब्रोसिस. मेहता-पिंडबोर्ग यांच्याच गटाने असे रुग्ण १७ वर्षांपर्यंत पाहिले आणि त्यांतल्या ७.६ टक्के जणांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये नोंदवले.

याच दशकांत पिंपरीचा कायापालट होत होता. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन इथे बनू लागले. दंतवैद्यकाला याचे मोल मोठे. खालच्या मागच्या दाढांची मुळे मायलोहायॉइड स्नायूच्या रेषेखाली पोचतात, त्यामुळे तिथला पू जबड्याखाली उतरून श्वास कोंडू शकतो. प्रतिजैविकांआधी त्यात माणसे दगावत. पुढे टेल्को आली, बजाज आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, कारखाने चाकणपर्यंत पसरले. गावातली मिश्री मागे पडत गेली. गेटबाहेरच्या टपरीवर मावा आणि गुटख्याच्या पुड्या लटकू लागल्या. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखूचा बार भरणारा कंत्राटी कामगार इथे कोणाला अनोळखी नाही.

राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. पण सुटी सुपारी आणि सुटी तंबाखू वेगवेगळी घेऊन मावा मळायला वेळ लागत नाही. म्हणून बंदीइतकाच डॉक्टरचा डोळा महत्त्वाचा, असे माझे मत आहे.

पिंपरीत २००३ पासून डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. सकाळी स्लाइडवर गालाचे अस्तर पाहणारे आणि त्याच आवारात ओपीडीत तेच अस्तर आजारी झालेले घेऊन येणारे, यांच्यात एक जिना उतरण्याइतके अंतर असते. शिक्षकांना माझी विनंती आहे: पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्षातून काही वेळा तरी ओपीडीत न्या आणि गालाचा पांढरा चट्टा दाखवून मगच केराटिन शिकवा.

कारखान्यात जाणाऱ्या वाचकांनो, आज आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी उभी दातांमध्ये घालून पाहा. ती मावत नसतील, तिखट सोसत नसेल किंवा पुसूनही न जाणारा चट्टा दिसत असेल, तर सुपारी-तंबाखू आजच थांबवा आणि दंतमहाविद्यालयाच्या नाहीतर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा.