पुराच्या नकाशावर आपलं घर

"ताई, घर घ्यायचं आता थांबवावं का?" भूकंपाची मोठी बातमी आली की हा फोन मला हमखास येतो. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्प हादरला तेव्हा आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नानकाई खंदकातल्या महाभूकंपाबद्दल जपान सरकारने पहिल्यांदाच सावधगिरीची सूचना काढली, तेव्हाही आला.

मी टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहते. आयटीतल्या भारतीयांची ही जुनी वस्ती. २०१९ मध्ये या वॉर्डाने योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाला आपल्या सभागृहात निवडून दिलं. इथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांबरोबर मी दुभाषी म्हणून एजंटच्या ऑफिसात बसते. जपानमध्ये परदेशी माणसाला घर आणि जमीनही स्वतःच्या नावावर घेता येते. कर्ज हवं असेल तर मात्र बहुतेक बँका कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मागतात.

इथल्या जुन्या रहिवाशाला आजोबांनी पाहिलेला पूर ऐकून माहीत असतो. कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, कुठली जमीन भर टाकून केलेली आहे, हे त्याला विचारावं लागत नाही. बाहेरून आलेल्या आपल्यापाशी ती आठवण नसते, मोबाइलवर आलेला व्हिडिओ तेवढा असतो. म्हणून इथल्या घरावरचा आपला विश्वास एका दिवसात उडतो आणि भाव चढू लागले की तितक्याच घाईने परततो. इमारत दोन्ही वेळा तीच असते. भीती वाटण्याला माझा आक्षेप नाही, पण ती नेमकी कशाची बाळगायची ते कळायला हवं.

पहिली गोष्ट बांधकामाच्या परवानगीची तारीख. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर जपानने बांधकामाचे नियम कडक केले आणि ते १ जून १९८१ पासून लागू झाले. १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीची परवानगी जुन्या नियमांखालची असू शकते, त्यामुळे नुसतं बांधकामाचं वर्ष पाहून भागत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसं गेली, आणि जुन्या नियमांच्या इमारतींनी सर्वाधिक मार खाल्ला.

पण इमारत उभी राहिली म्हणजे घर राहण्याजोगं राहिलं असं नाही. आमच्या शेजारचं उरायासू बघा. डिस्नेलँड आहे ते शहर. बराचसा भाग समुद्रात भर घालून तयार केलेला. ११ मार्च २०११ च्या भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर होतं, तरी तिथल्या जमिनीतून वाळू आणि पाणी वर उसळलं. खोल पायाच्या उंच इमारती टिकल्या, पण छोटी घरं कलली, पाण्याचे आणि मैल्याचे नळ फुटले. धड घरात संडास वापरता येईना.

पुराचंही तसंच. २०१९ च्या ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं तेव्हा कावासाकीतल्या मुसाशी-कोसुगीला ४७ मजल्यांच्या टॉवरच्या तळघरात पाणी शिरलं. विजेची यंत्रणा तिथेच होती. लिफ्ट बंद, नळ कोरडे.

विम्याचंही बघून ठेवा. साध्या अग्निविम्यात भूकंपामुळे लागलेल्या आगीची भरपाई मिळत नाही. भूकंपविमा त्याला जोडून वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची रक्कम अग्निविम्याच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंतच असते. म्हणजे घर पूर्ण पडलं तरी पूर्ण पैसे येणार नाहीत. हे वाक्य मी दोनदा सांगते, कारण ऐकणारा ते पहिल्यांदा मनावर घेत नाही.

आमच्या वॉर्डाचा जवळजवळ ७० टक्के भाग भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर 'इथे थांबू नका' असा थेट इशारा होता. पूर आला तर पाणी आठवडा-दोन आठवडे ओसरणार नाही, हेही लिहिलेलं होतं. ऑगस्ट २०२० पासून तर सौदा होण्याआधी असा नकाशा उघडून घर त्यावर नेमकं कुठे आहे ते दाखवणं एजंटवर कायद्याने बंधनकारक झालं. नकाशा टेबलावर पसरला की आमची कुटुंबं गप्प होतात. मग कुणीतरी विचारतं, "विजेची खोली कितव्या मजल्यावर?" तो प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं. काही जण उठून जातात, काही वरच्या मजल्यावरचं घर शोधतात, काही विचार करून तेच घेतात. माझ्या मते परदेशी गिऱ्हाइकाचा टिकाऊ विश्वास इथेच तयार होतो. धोका लपवणाऱ्या गावात तो कधीच टिकणार नाही.

या कुटुंबांतले बरेच जण टोकियोत बसून पुण्यातही फ्लॅट बुक करतात. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं, ते त्यांनीही पाहिलं. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बुकिंगचे पैसे भरण्याआधी बिल्डरकडे पूररेषेचा नकाशा मागा, आपली इमारत त्यावर कुठे येते ते लेखी घ्या, आणि तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे घर घेऊ नका.